फळ न देणारें अंजिराचें झाड

शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १३, वचनें ६ ते ९.

वरील पाठ प्रथम मंडळींत सावकाश वाचावा आणि मग पुढील विवेचनाकडे लक्ष द्यावें.

प्रभूनें सांगितलेला हा दृष्टांत फार लहान आहे. एका मनुष्याच्या द्राक्षमळ्यांत अंजिराचें झाड लावलेलें होतें. मालक तीन वर्षें फळ पाहावयास आला, पण त्यास कांहीं मिळालें नाहीं. हें झाड व्यर्थ जागा अडवितें, तें तोडावें, असा त्यानें निकाल केला. माळ्यानें मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागितली. तेवढ्या अवधींत सभोंवार खणून खत घालण्याचें त्यानें पत्करिलें. फळ आलें तर बरें, नाहीं तर मग तोडावें, हेंही त्यानें कबूल केलें. पुढें त्या झाडाचें काय झालें, हें प्रभूनें सांगितलेलें नाहीं.

ह्या दृष्टांताचा मुख्य बोध पश्चात्तापाविषयीं आहे, हें मागच्याच वचनांवरून उघड होतें, आणि त्याकडे आपण शेवटीं येऊं. परंतु आधीं त्यांतील दोन मनुष्यांकडे पाहूं. झाड एकच, पण दोघांची पाहण्याची रीत निराळी. एकानें फांद्या पाहिल्या आणि निकाल दिला. दुसऱ्यानें मुळाकडे पाहिलें आणि ह्या झाडास कशाची उणीव आहे, हा विचार मनांत आणिला. आपण बहुतेक जण शेतींत वाढलेले लोक आहों. तेव्हां झाडास फळ येतें तें कसें, आणि येत नाहीं तें कां, हें नीट समजून घेतल्यास मालकाच्या व माळ्याच्या म्हणण्यांतील अंतर आपणांस अधिक स्पष्ट दिसेल.

फळ कसें धरतें

आपल्या परसांतील भोपळ्याचा वेल घ्या. त्यावर दोन प्रकारचीं फुलें येतात. एका फुलाचा देठ लांब व बारीक असतो, आणि फुलाच्या खालीं दुसरें कांहीं नसतें. तें नरफूल होय. दुसऱ्याच्या पाकळ्यांखालीं सुपारीएवढा इवलासा भोपळा आधींच दिसतो. तें मादीफूल होय. वेलावर प्रथम बहुधा नरफुलेंच येतात. तीं गळतांना पाहून घरांतील माणसें हळहळतात आणि वेलच वांझ निघाला असें म्हणतात. परंतु त्याच फुलांच्या पोटांत पिवळी भुकटी असते. तिला पराग म्हणतात. तो पराग मादीफुलाच्या मध्यभागीं असलेल्या चिकट टोंकावर पडल्यावांचून भोपळा धरत नाहीं. ज्या फुलांस आपण वांझ म्हटलें, त्यांच्यावांचून वेलावर एकही फळ येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

हा पराग नेण्याचें काम मधमाशी करिते. भोपळ्याचें फूल पहांटे उमलतें व दुपारच्या आंत मिटतें. तेवढ्याच वेळांत माशी नरफुलांतून मादीफुलांत गेली पाहिजे. ती न आल्यास तो इवलासा भोपळा पिवळा पडतो आणि गळून जातो. वेल हिरवागार असतो, खत असतें, पाणी असतें, परंतु फळ नसतें. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळीं वेलावर कीटकनाशक औषध फवारूं नये. फवारणें भागच असेल तर सायंकाळीं, फुलें मिटल्यावर व माशा घरीं गेल्यावर फवारावें. आणि माशा फारशा येत नसतील तर सकाळीं लवकर ताजें नरफूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, मधला दांडा मादीफुलाच्या टोंकास हलकेच लावावा. मुलांसही हें काम सहज करितां येतें.

आतां मक्याचें कणीस पाहा. त्याच्या टोंकास रेशमासारखे केंस लोंबतात. लोक ते काढून फेंकून देतात. परंतु त्यांतील एकेक केंस आंतल्या एकेका दाण्याच्या जागेस जोडलेला असतो. ताटाच्या शेंड्यावरील तुऱ्यांतून पराग वाऱ्यानें उडून केंसावर पडतो, तेथील ओलाव्यानें फुगतो व रुजतो. मग त्यांतून एक सूक्ष्म नळी निघते आणि केंसाच्या आंतून वाट काढीत कणसाच्या पोटापर्यंत उतरते. तेथें नराचा अंश व मादीचा अंश एक होतात, आणि मगच दाणा भरूं लागतो. ज्या केंसावर पराग पडला नाहीं, त्याच्या खालची जागा रिकामी राहते. कणसांत पडक्या दांतांसारखीं भोंकें आपण पुष्कळदां पाहतों. त्यांतील बहुतेकांचें कारण हेंच असतें.

ही गोष्ट मनुष्यांस फार उशिरां नीट कळली. जर्मनींतील ट्युबिंगेन येथील विद्वान वैद्य रुडोल्फ कामेरारियुस ह्यानें एरंडाचीं नरफुलें उमलण्यापूर्वींच खुडून टाकिलीं, आणि मक्याच्या कणसाचे केंस कापून टाकिले. दोन्ही ठिकाणीं बीं धरलें नाहीं. वनस्पतींतही नर व मादी अशीं दोन अंगें आहेत, आणि दोहोंचा योग झाल्यावांचून बीं होत नाहीं, असें त्यानें १६९४ सालीं लिहून प्रसिद्ध केलें. त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, १७९३ सालीं, स्पांडाऊ येथील शाळेचा मुख्याध्यापक क्रिस्तियान स्प्रेंगेल ह्यानें फुलांचे रंग, वास व मध हीं कीटकांस बोलावण्यासाठीं असतात, हें पुष्कळ फुलांचें निरीक्षण करून दाखविलें. त्याच्या हयातींत त्याच्या ग्रंथाकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. आज मात्र शाळेंतील मुलेंही तेंच शिकतात.

अंजिराचें गुपित

जो मनुष्य क्वचित् भेटतो त्यास आपण म्हणतों, ‘तूं तर उंबराचें फूल झालास.’ उंबराचें फूल कोणास दिसत नाहीं, अशी समजूत आहे. वास्तविक उंबरास फुलें असतात, आणि तीं शेंकडों असतात. पण तीं बाहेर नसून आंत असतात. ज्यास आपण उंबराचें फळ म्हणतों, ती आरंभीं एक बंद पिशवी असते. तिच्या आंतल्या बाजूस अगदीं बारीक फुलें दाटीनें लागलेलीं असतात, आणि टोंकाशीं एक अरुंद छिद्र असतें. अंजीर हें उंबराच्याच कुळांतलें असून त्याची रचनाही अशीच आहे.

अशा बंद पिशवींत वारा शिरत नाहीं, आणि मधमाशीही शिरत नाहीं. मग पराग आंत कसा पोंचावा? ह्या कामासाठीं देवानें गांधीलमाशीच्या गोतांतील, पण जेमतेम तिळाएवढी, अशी एक माशी ठेविली आहे. उंबर फोडल्यावर जे बारीक किडे आपण झटकून टाकितों, त्यांत हिची जात असते. उंबराची माशी निराळी व अंजिराची निराळी. मादी त्या अरुंद छिद्रांतून आंत शिरते. वाट इतकी चिंचोळी असते कीं, तिचे पंख बहुधा तेथेंच तुटतात. आपण आणिलेला पराग ती आंतल्या फुलांवर टाकिते, कांहीं फुलांत अंडीं घालिते, आणि तेथेंच मरते. कांहीं आठवड्यांनीं तिची संतति तयार होते. नरांस पंख नसतात, ते आंतच जन्मतात व बहुधा आंतच मरतात. माद्या पराग घेऊन बाहेर पडतात व दुसरें कोंवळें फळ शोधूं लागतात.

अंजिराच्या बाबतींत आणखी एक विशेष आहे. अंजिराचीं झाडें दोन प्रकारचीं असतात. एकाच्या फळांत नरफुलें असतात व माशीची वीण तेथें होते. तें फळ बहुधा खाण्यासारखें नसतें. त्यास आपण रानअंजीर म्हणूं. दुसऱ्या झाडाच्या गोड फळांत केवळ मादीफुलेंच असतात, आणि त्यांच्या दांड्या लांब असतात. रानअंजिरांतून निघालेली माशी ह्या गोड अंजिरांत शिरली, तर तिचें अंडीं घालण्याचें साधन तळापर्यंत पोंचत नाहीं. तिची वीण तेथें होत नाहीं. परंतु तिच्या अंगावरचा पराग फुलांस लागतो, आणि बीं धरून फळ पिकूं लागतें.

सर्वच अंजिरांस ही माशी लागते असें मात्र नाहीं. पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांत जें अंजीर पिकतें, तें परागावांचून पिकणाऱ्या जातीचें आहे. त्यामुळें तेथील शेतकऱ्यांस रानअंजिराची गरज पडत नाहीं. परंतु ज्या जातीस परागाची गरज आहे, तिला तो मिळाला नाहीं तर काय होतें, ह्याची एक खरी हकीकत आतां सांगतों.

स्मुर्ण्याचीं झाडें

स्मुर्णा हें नांव आपणांस प्रकटीकरणाच्या पुस्तकावरून ठाऊक आहे. आशियांतील सात मंडळ्यांपैकीं एक त्या नगरांत होती. आज त्यास इझमीर म्हणतात व तें तुर्कस्थानांत आहे. तेथील वाळविलेल्या अंजिरांची कीर्ति जुनी आहे. १८८० नंतरच्या एकदोन वर्षांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत त्या जातीच्या हजारों फांट्या आणवून लाविल्या गेल्या. जमीन चांगली होती, ऊन भरपूर होतें, आणि झाडेंही जोमानें वाढलीं. फळें दिसूं लागलीं, परंतु तीं लहान असतांनाच वाळून गळूं लागलीं. असें एका वर्षीं नव्हे, तर वर्षामागून वर्ष चाललें. स्मुर्ण्याच्या व्यापाऱ्यांनीं आपणांस फसवून निकामी जात दिली, असें कित्येकांस वाटलें.

स्मुर्ण्याकडील शेतकरी तर प्राचीन काळापासून रानअंजिरांच्या माळा करून त्या गोड अंजिराच्या झाडांवर टांगीत आले आहेत. ख्रिस्तापूर्वीं सुमारें तीनशें वर्षें थिओफ्रास्टस नांवाच्या ग्रीक विद्वानानेंही ह्या चालीचें वर्णन केलें होतें. परंतु हें कोणी सांगितलें तर कॅलिफोर्नियांतील पुष्कळ बागवान हसत. एवढ्याशा किड्यावांचून फळ पिकत नाहीं, ही त्यांस अडाणी लोकांची भोळी समजूत वाटे. पुढें १८९० च्या सुमारास फ्रेस्नो येथील जॉर्ज रोडिंग ह्या बागवानाकडे रानअंजिराचा पराग हातानें कांहीं फळांत घालून पाहण्यांत आला, आणि तीं फळें पिकलीं. मग लोकांचे डोळे उघडूं लागले. अखेर १८९९ सालीं अमेरिकेच्या सरकारी कृषिखात्यांतील वॉल्टर स्विंगल ह्यांनीं आफ्रिकेच्या उत्तरेस असलेल्या अल्जिरिया देशांतून माशांसहित रानअंजिरें पाठविलीं. त्या माशा रोडिंग ह्यांच्या बागेंत टिकल्या व वाढल्या, आणि तेव्हांपासून तीं झाडें पीक देऊं लागलीं.

बंधूंनो, येथें थोडें थांबा. सुमारें अठरा वर्षें ज्या झाडांस लोकांनीं नांवें ठेविलीं, तींच हीं झाडें. जमीन तीच, पाणी तेंच. उणीव तिळाएवढी होती, आणि ती झाडांत नव्हतीच.

हा बोध आपल्या घरीं

पहिली गोष्ट. आपल्या गांवांत मुलीच्या लग्नास तीन वर्षें झालीं आणि पाळणा हालला नाहीं, म्हणजे लोक द्राक्षमळ्याच्या मालकासारखे फळ पाहावयास येतात. तीनच वर्षें, हें लक्षांत घ्या. मग निकाल लागतो आणि तो नेहमीं सुनेच्या विरुद्ध लागतो. ‘वांझ’ हा शब्द आधीं चुलीपाशीं हळूच उच्चारला जातो, मग पाणवठ्यावर मोठ्यानें. बारशाच्या दिवशीं तिला बोलावणें येत नाहीं. आलें तरी पाळण्याची दोरी तिच्या हातीं कोणी देत नाहीं. शेजारणीचें मूल तिनें उचललें तर आई तें हळूच काढून घेते. ख्रिस्ती मनुष्यास दुसरी बायको करण्याची मोकळीक नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून कित्येक घरीं निराळी वाट काढितात. तिला माहेरीं पाठवितात आणि आणावयास कोणी जात नाहीं. ह्या गोष्टी इतरत्र घडतात, आपणांत घडत नाहींत, असें ज्यास म्हणावयाचें असेल त्यानें आपल्या मंडळींतील बायांस एकांतीं विचारून पाहावें.

आतां भोपळ्याचा वेल व मक्याचें कणीस आठवा. फळ हें एकट्याचें काम नव्हे, असें देवानें सृष्टींत ठिकठिकाणीं लिहून ठेविलें आहे. रिकाम्या कणसास शेतकरी कांहीं म्हणत नाहीं; पाऊस अवेळीं झाला किंवा तुरा वेळेवर आला नाहीं, अशीं कारणें तो शोधतो. मक्याच्या बाबतींत जो न्याय आपण सहज करितों, तो आपल्या सुनेच्या बाबतींत आपणांस कां सुचत नाहीं?

वैद्यकशास्त्राचें म्हणणें अगदीं स्पष्ट आहे. ज्या जोडप्यांस अपत्य होत नाहीं, त्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाच्या ठायींही कांहीं ना कांहीं कारण आढळतें. कधीं कारण स्त्रीच्या ठायीं असतें, कधीं दोघांच्या ठायीं असतें, आणि कधीं दोघांची तपासणी करूनही कांहीं सांपडत नाहीं. हें दुःख विरळही नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केल्याप्रमाणें जगांतील सुमारें दर सहा प्रौढ माणसांपैकीं एकास तें आयुष्यांत केव्हां ना केव्हां भोगावें लागतें. म्हणून एक वर्षपर्यंत अपत्याची आशा करूनही कांहीं झालें नाहीं, तर पतिपत्नींनीं दोघांनींही दवाखान्यांत जावें. पत्नीचें वय पस्तिशीच्या पुढें असेल तर सहा महिन्यांनींच जावें. पुरुषाची पहिली तपासणी सोपी असते. स्त्रीच्या कित्येक तपासण्यांहून ती सुलभ असते. तरी आपल्याकडे होतें तें असें कीं, सून दहा ठिकाणीं दाखविली जाते, नवस व गंडेदोरेही होतात, आणि मुलगा एकदांही डॉक्टरांपुढें उभा राहत नाहीं. तपासणीस जाण्यांत पुरुषाची कांहीं मानहानि नाहीं. आपल्या ठायीं असलेली उणीव पत्नीच्या माथीं मारून तिला आयुष्यभर मान खालीं घालावयास लावणें, ह्यांत मात्र मोठें पाप आहे.

परंतु दाखल्यास त्याच्या मर्यादेबाहेर ओढूं नये. मनुष्य हा झाड नव्हे. झाड फळासाठीं लावितात, स्त्री कांहीं अपत्यासाठीं लाविलेलें झाड नाहीं. वैद्यानें तपासून उणीव तिच्याच ठायीं आहे असें सांगितलें, औषध चाललें नाहीं, आणि पाळणा शेवटपर्यंत रिकामा राहिला, तरी ती देवाची लेक आहे, आणि तिच्या पतीनें देवासमोर दिलेलें वचन पूर्वींइतकेंच बांधलेलें आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायांतील हन्नेची गोष्ट घरीं वाचा. सवत तिला टोंचून बोले. एली याजकानें तर तिचे हलणारे ओंठ पाहून ती मद्य प्याली आहे असा तर्क केला. याजकही चुकला, हें आपण सर्व उपदेशकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तिचा पति एलकाना मात्र तिच्यावर प्रीति करीत होता, आणि ती प्रीति शमुवेलाच्या जन्मानंतर सुरू झालेली नव्हती, तर त्याच्या जन्माआधींचीच होती.

म्हणून मंडळींतील वडीलधाऱ्या बायांस माझी विनंति आहे. पुढच्या बारशाच्या वेळीं जिला कोणी बोलावीत नाहीं, तिला तुम्ही स्वतः हात धरून आणा, आणि पाळण्याची दोरी तिच्या हातीं द्या. सासूबाईंनीं हें केलें तर सर्वांत उत्तम. त्याला पैसा लागत नाहीं. परंतु एका घरांतील कित्येक वर्षांचें विष त्यानें उतरेल.

दुसरी गोष्ट उपदेशक बंधूंसाठीं. एखाद्या गांवीं तुम्ही पुष्कळ वर्षें खपतां. उपासना वेळेवर होते, शब्बाथशाळा चालते, तरी मंडळींत प्रेम वाढत नाहीं. तेव्हां हे लोकच कठीण, हें झाडच निकामी, असें मनांत येतें. अशा वेळीं स्मुर्ण्याचीं झाडें आठवावीं आणि उणीव तिळाएवढी तर नाहीं ना, हें शोधावें. पुष्कळदां असें असतें कीं, मंडळींत वीस घरें असतात आणि प्रत्येक घर अंजिरासारखें आंतल्या आंत फुललेलें असतें, परंतु एका घरांतून दुसऱ्यांत जाणारें कोणी नसतें. दोन भावकींत बांधावरून वैर असतें व निरोप नेणारें माणूस नसतें. शौल यरुशलेमेस आला तेव्हां शिष्य त्याला भीत होते. बर्णबानें त्याला हातीं धरून प्रेषितांकडे नेलें, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायांत सांगितलें आहे. बर्णबाचें तेथील काम लहान दिसतें. पण तें काम कोणीं केलेंच नसतें तर? आपल्या गांवांतही अशी एखादी म्हातारी असते, एखादा शाळकरी मुलगा असतो, ज्याच्या हातून हें काम होतें. त्याला लहान समजून बाजूस सारूं नये.

तिसरी गोष्ट आपणां सर्वांसाठीं, आणि ती ह्या पाठाचा मुख्य बोध होय. प्रभूनें हा दृष्टांत सांगितला तो दुसऱ्यांच्या दोषांची चर्चा करणाऱ्या लोकांस. कोणावर बुरूज पडला, कोणाचा घात झाला, ते अधिक पापी असतील काय, ह्या विचारांत ते होते. त्यांस त्यानें सांगितलें कीं, आपल्याकडे पाहा. तेव्हां जो सुनेस वांझ म्हणतो त्यानें स्वतःस विचारावें कीं, माझ्या जीवितावर कोणतें फळ आहे? गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत जीं आत्म्याचीं फळें सांगितलीं आहेत, त्यांत प्रीति आहे, ममता आहे, सहनशीलता आहे. संतति त्यांत नाहीं. पोटीं सात पुत्र असून एकाही दुःखी माणसाशीं जो गोड बोलला नाहीं, तोच ह्या दृष्टांतांतील निष्फळ झाड आहे. आणि ज्या स्त्रीनें शेजाऱ्यांच्या पोरक्या मुलास आपल्या ताटांतली भाकर दिली, ती कोणाच्याही नोंदींत नसली तरी फळांनीं लगडलेली आहे.

माळ्यानें मागितलेली मुदत एका वर्षाची होती, ती अखंड नव्हती. ज्या झाडास खणलें, खत घातलें, सर्व कांहीं पुरविलें, आणि तरी ज्यानें आपण होऊन फळ धरलें नाहीं, त्याच्या मुळाशीं कुऱ्हाड येते, हें प्रभूनें लपविलें नाहीं. परंतु कुऱ्हाड मालकाच्या हातीं आहे. आपल्या हातीं त्यानें खुरपें व खताची पाटी दिली आहे. मालकाचें काम आपण करावयास जातों, आणि माळ्याचें काम तसेंच पडून राहतें, हा आपला मोठा दोष आहे.

म्हणून हा आठवडा संपण्यापूर्वीं प्रत्येकानें एक काम करावें. ज्या मनुष्यास आपण मनांत निष्फळ ठरविलें आहे, मग ती घरांतील सून असो, वर्गांत मागें पडणारें मूल असो, किंवा व्यसनांत अडकलेला भाऊ असो, त्याच्याकडे जावें, आणि त्याच्या पानांकडे न पाहतां, त्याला कशाची उणीव आहे, हें प्रेमानें विचारावें. उत्तर मिळेलच असें नाहीं. माळ्यासही फळाची खात्री नव्हती. तरी त्यानें खणणें सोडलें नाहीं.

हे प्रभु, तूं आम्हांसाठीं पुष्कळ वर्षांची मुदत मागितली आहेस. आम्हीं दुसऱ्यांस एका वर्षाचीही दिली नाहीं, ह्याची आम्हांस क्षमा कर. रिकाम्या पाळण्यापाशीं बसणाऱ्या तुझ्या लेकींस आमच्या शब्दांनीं झालेल्या जखमा तूं बऱ्या कर, आणि आम्हांस तुझ्या मळ्यांतील दयाळू माळी कर. आमेन.